दोन डबे मोडून एक लॅपटॉप घेताना

‘मी सांगलीत घरूनच डीटीपीची, म्हणजे कंप्युटरवर पानं लावून छपाईला द्यायची, कामं घेते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादा कवितासंग्रह आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. २०१३ चा डेस्कटॉप आहे. विंडोज ७, पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फॉण्टचं श्रीलिपी त्यावरच चालतं; श्रीलिपीला डोंगल, म्हणजे कंप्युटरला लावायची छोटी किल्ली लागते. २०१९ च्या पुरात तो माळ्यावर चढवला होता, तेव्हापासून त्याला हलवायलाही भीती वाटते. शिवाय २०१७ चा लॅपटॉप आहे. आय थ्री चिप, ४ जीबी रॅम, विंडोज १०. तो सुरू होईस्तोवर कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. मेल, युनिकोडची, म्हणजे मोबाइलवरही दिसणाऱ्या मराठीची, कामं आणि ग्राहकाकडे प्रूफ दाखवायला तो वापरते. दोन्हींच्या मध्ये मी आणि माझा पेनड्राइव्ह. गेल्या महिन्यात पेनड्राइव्हवरची जुनी फाइल छपाईला गेली आणि ३०० पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागल्या. आता दोन्ही काढून एकच वेगवान लॅपटॉप घ्यायचा असं ठरवलंय. ६५,००० पर्यंत जाऊ शकते. दुकानदार म्हणतो, आय सेव्हन घ्या. भाचा म्हणतो, गेमिंग लॅपटॉप घे. दोन्ही जुन्यांचे मिळून एक्स्चेंजमध्ये अडीच हजार देतायत. काय करू?’

एक वाचक, सांगली


ताई, नमस्कार.

३०० पत्रिकांचं वाचून पोटात कालवलं. मुहूर्ताची वेळ चुकली होती की मामाचं नाव राहिलं होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मामाचं राहिलं असेल तर पैशांपेक्षा बोलणीच जास्त बसली असतील.

आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे दुकानात जायची घाई असेल तर बाकीचं नंतर वाचता येईल. एकच लॅपटॉप घ्यायचा विचार बरोबर आहे. आय सेव्हनची गरज नाही. गेमिंगवाला नको, पण भाचा सगळाच चुकत नाहीये, त्याच्याकडे नंतर येतो. आणि डेस्कटॉप एवढ्यात घराबाहेर काढू नका. अडीच हजारांत तर मुळीच नाही.

शेवटचं वाचून तुम्ही हिरमुसाल, कारण टेबल मोकळं व्हावं हीच तर तुमची इच्छा. पण घरात दोन मशीन असली की दुसरं मशीन काही कामं न सांगता करत असतं, आणि ती कोणती हे ते गेल्यावर कळतं. मला तसंच कळलं. काही वर्षांपूर्वी मीही घरातले दोन्ही डबे देऊन एक देखणा लॅपटॉप आणला. चौदाव्या महिन्यात, म्हणजे वॉरंटी संपल्यावर दुसऱ्याच महिन्यात, झाकण उघडताना उजव्या कोपऱ्यात कट्ट वाजलं. बिजागरीचे स्क्रू आत छोट्या पितळी नळ्यांत बसवलेले असतात आणि त्या नळ्या प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. त्या प्लास्टिकसकट उपटून वर आल्या होत्या. मशीन चालू, फायली शाबूत, फक्त झाकण मिटेना. सर्व्हिस सेंटरनं भाग मागवला, त्याला सतरा दिवस लागले. जमा करताना ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असं छापलेल्या कागदावर सही घेतली ती वेगळीच. ते सतरा दिवस मी एका मित्राच्या ऑफिसात, त्याची माणसं घरी गेल्यावर, रात्री दहापर्यंत बसून काढले. जुना डेस्कटॉप असता तर रडतखडत का होईना, घरचा चहा पीत काम झालं असतं.

तुमचा डेस्कटॉपही असा बदली कामगार म्हणून कोपऱ्यात उभा आहे. दुसरं, तुमच्या पेनड्राइव्हच्या ये-जामुळे बऱ्याच फायलींची एक प्रत इथे आणि एक तिथे आपोआप राहते. ज्या पेनड्राइव्हनं पत्रिका बुडवल्या तोच इतकी वर्षं तुमचा बॅकअप होता. एक मशीन झालं की ही प्रतही गेली. आणि तिसरं काम सगळ्यात मोठं. तुमचं तेरा वर्षांचं काम जगात फक्त त्या एका डब्यावर उघडतं.

त्या तिसऱ्या कामापासूनच सुरुवात करू, कारण लॅपटॉप कुठला घ्यायचा हेही त्यावरच ठरणार आहे.

पेजमेकर ७ आलं २००१ साली. त्यानंतर ते पुढे सरकलंच नाही, तरी आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी ते वीस-पंचवीस वर्षं ओढलं. ओढण्यात चूक नव्हती, काम होत होतं. तुमचं विंडोज ७ बहुधा ३२-बिटचं असणार. विंडोज ११ मात्र ६४-बिटमध्येच येतं. जुने ३२-बिट प्रोग्रॅम त्यावर पुष्कळदा चालून जातात, गाडी अडते ती डोंगलपाशी. डोंगलला त्याचं स्वतःचं ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी त्याची ओळख करून देणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतं, आणि ३२-बिटसाठी लिहिलेलं ड्रायव्हर ६४-बिट विंडोज दारातही उभं करत नाही. म्हणून खरेदीच्या आधी एक फोन करा. श्रीलिपी ज्यांच्याकडून घेतलंत त्यांना, किंवा ते दुकान आता नसेल तर पुण्यात थेट कंपनीला. तुमची आवृत्ती आणि डोंगलवरचा नंबर सांगा आणि विचारा की हे विंडोज ११ वर चालेल का, नसेल तर अपग्रेडला किती. जो आकडा सांगतील तो तुमच्या ६५,००० मधून आधी बाजूला काढा. लॅपटॉप उरलेल्या पैशांत.

याच कारणासाठी दुकानातला एक मोह टाळा. हल्ली स्नॅपड्रॅगन चिपचे लॅपटॉप दाखवतात. पातळ, थंड, बॅटरी दिवसभर पुरते. मशीन खरोखर चांगली आहेत, पण तुमच्यासाठी नाहीत. इंटेल-एएमडी या कंपन्यांच्या चिपसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम ती आतल्या आत भाषांतर करून चालवतात. ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही. डोंगलही अडेल आणि जुना लेझर प्रिंटर असेल तर त्याचंही काही खरं नाही. मॅकचंही तेच. ग्राहकाला दाखवायला छान, पण डोंगल खिशात घेऊन हिंडावं लागेल.

आता फायली. जुन्या फॉण्टमधला मजकूर हा कंप्युटरच्या दृष्टीनं मराठी नसतोच, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे काढलेले असतात. फॉण्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. म्हणून फायलींबरोबर फॉण्टचा अख्खा फोल्डरही उचला. लोक हे हमखास विसरतात आणि मग ‘फायली करप्ट झाल्या’ म्हणून फोन करतात.

युनिकोडमध्ये बदलून घेणाऱ्या सोयी आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. एखाद्या जुन्या अहवालाचं एक पान बदलून पाहा आणि आधी अर्ध्या ‘ऱ’कडे बघा. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘दऱ्याखोऱ्या’चं ‘दर्याखोर्या’ होतं. एका संस्थेच्या अहवालात आभार मानले होते जेवण करणाऱ्या आचाऱ्यांचे, आणि बदललेल्या मजकुरात ते झाले आचार्यांचे. अध्यक्षांना खटकलंही नाही. ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, कारण जुन्या फॉण्टमध्ये ती आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. आणखी एक गंमत अशी की युनिकोडमध्ये हा अर्धा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका तऱ्हेनं टाइप केलेला ‘दुसऱ्या’ शोधलात तर दुसऱ्या तऱ्हेचा सापडत नाही. दिवाळी अंकात एखादा शब्द सगळीकडे बदलायला जाल आणि अर्धे तसेच राहतील. तेव्हा एकच तऱ्हा धरा आणि लेखकांकडून आलेला मजकूर आधी त्या तऱ्हेत आणून घ्या.

म्हणून तेरा वर्षांचं सगळं बदलत बसू नका, आयुष्य त्यातच जाईल. जे ग्राहक दरवर्षी तेच पुन्हा छापतात, म्हणजे अहवाल, पावतीपुस्तकं, संस्थेची घटना, तेवढंच युनिकोडमध्ये आणा. बाकी जपण्यासारखं असेल ते डेस्कटॉपवर उघडून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉण्ट आतच बसतो, ती फाइल डोंगल न मागता कुठेही छापता येते. हे काम निवांतपणे सहा महिन्यांत होतं, आणि म्हणूनच डेस्कटॉप सहा महिने हवा. फक्त त्याची नेटची वायर काढून टाका. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. नेटशिवाय तो बिचारा अजून चालेल.

पुढचं पान लावायला पेजमेकर सोडणार असाल तर इनडिझाइन आहे, पण त्याचं भाडं महिन्याचं महिन्याला भरावं लागतं. घेतलंत तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडलाय ना ते पाहा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि दोष फॉण्टला जातो. स्क्रायबस फुकट आहे. त्याच्या नव्या आवृत्तीत देवनागरी नीट बसते, मात्र हात बसायला वेळ लागेल. दिवाळी अंकावर पहिला प्रयोग करू नका, एखाद्या चार पानी माहितीपत्रकावर करा.

आता लॅपटॉप. तुमचा २०१७ चा दोन शिट्ट्या घेतो त्याला चिप थोडी कारणीभूत आहे, खरा गुन्हेगार आतली हार्ड डिस्क. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारं एक डोकं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली मागतं आणि त्या डोक्याला प्रत्येक फाइलसाठी नवी जागा गाठावी लागते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, हलणारं काहीच नसतं. सरळ मोठी फाइल वाचायची म्हटली तरी जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, आजची साधी एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी ३,००० च्या पुढे जाते. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असतेच. म्हणजे ‘वेगवान’ तर तुम्हाला कुठलाही घेतलात तरी मिळणार आहे. पहिली शिट्टी व्हायच्या आत काम सुरू. प्रश्न इतकाच की हा वेग पाचव्या वर्षीही टिकेल का.

ते रॅमवर ठरतं. १६ जीबीच्या खाली जाऊ नका. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे दुकानदार ८ जीबीचं मॉडेल पुढे करेल आणि ‘नंतर वाढवू की’ म्हणेल. वाढवता येतं की नाही ते तिथल्या तिथे बघा. शोकेसमधल्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, मेमरीवर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे ‘१ ऑफ २’ दिसलं तर एक खाच मोकळी आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, तिथे ‘नंतर वाढवू’ला फारसा अर्थ नाही. दुकानदार तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागेल, आणि बहुधा भावही थोडा खाली येईल.

आय सेव्हनचं सांगतो. इंटेलच्या बाराव्या पिढीतला आय फाइव्ह १२३५यू घ्या आणि त्याच पिढीतला आय सेव्हन १२५५यू. दोन्हींत दहाच कोर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग. दोन मोठे, आठ छोटे. फरक कमाल वेगाचा, ४.४ गिगाहर्ट्झ आणि ४.७. पेजमेकरमध्ये किंवा डिझाइनच्या कोरलमध्ये हा फरक तुम्हाला कळला तर मला जरूर कळवा. स्टिकरवरचा आकडा मोठा म्हणून जे जास्तीचे पैसे जातात ते स्क्रीनवर घाला. उलट एएमडीमध्ये आकडे नीट वाचा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात दहाचा फरक. पहिल्यात चार कोर आणि रचना २०१९ ची, दुसऱ्यात सहा कोर आणि रचना त्याच्या पुढची. २०२३ च्या या मालिकेत पिढी सांगतो तो तिसरा आकडा. तो २ असेल तर सोडून द्या, ३ किंवा ४ असेल तर बोलणी करा.

भाच्याचं म्हणाल तर गेमिंग लॅपटॉपमधलं वेगळं ग्राफिक कार्ड पत्रिकेला आणि अहवालाला काही कामाचं नाही. सव्वादोन-अडीच किलो वजन, त्यावर विटेएवढा चार्जर, हे सगळं घेऊन विश्रामबागला प्रूफ दाखवायला जाताना खांदा उतरेल. बॅटरीही लवकर बसते. पण त्या मशीनमध्ये रॅमला बहुधा दोन खाचा असतात आणि हवा खेळायला जागा असते. या दोन गोष्टी साध्या लॅपटॉपमध्येही शोधायच्या, एवढं त्याचं ऐका.

आता स्क्रीन. इथे मी हट्टी आहे. तुमचा धंदा डोळ्यांचा आणि रंगांचा. ५०,००० च्या आसपासच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपट्ट्यातले (त्याला एसआरजीबी म्हणतात) जेमतेम दोन तृतीयांश रंग. अशा स्क्रीनवर केशरी गाजरासारखा फिका दिसतो आणि कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. तुम्ही तो डोळ्यांना बरा वाटेपर्यंत वाढवता आणि छापून आल्यावर पत्रिका भडक. शोधायचं ते ‘१०० टक्के एसआरजीबी’. कागद वाचून विश्वास बसत नसेल तर तुमच्या एका जुन्या पत्रिकेची पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या आणि छापलेली पत्रिका पिशवीत ठेवा. दुकानात दोन मशीन शेजारी लावून तीच फाइल उघडा, छापील पत्रिका हातात धरा. हुबेहूब कुठेच दिसणार नाही, कारण छपाईचे चार रंग आणि स्क्रीनचा उजेड ही दोन वेगळी जगं आहेत. पण कुठला स्क्रीन कमी खोटं बोलतो ते अर्ध्या मिनिटात कळेल. तेवढ्यासाठी चार हजार जास्त गेले तर जाऊ द्या.

चौदा इंची की साडेपंधरा-सोळा इंची, हे ठरवताना कीबोर्डच्या उजव्या बाजूला बघा. जुन्या फॉण्टवर काम करणाऱ्या बहुतेकांसारखे तुम्हीही काही जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं ऑल्ट दाबून आकड्यांनी काढत असाल. हे आकडे उजवीकडच्या वेगळ्या नंबरपॅडवरच चालतात, वरच्या ओळीतल्या आकड्यांनी होत नाही. चौदा इंचीला बहुधा नंबरपॅड नसतो. मी तरीही चौदा इंची सुचवेन, आणि घरी टेबलावर नंबरपॅडवाला साधा कीबोर्ड जोडायला. बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली असतील तर तीही बदलू नका. युनिकोडमध्ये ती मांडणी मिळते. पन्नाशीकडे झुकताना बोटांना नवी बाराखडी शिकवणं हा विनाकारण त्रास आहे.

टेबलावरचा मॉनिटर मुळीच देऊ नका. एक्स्चेंजवाला तो डेस्कटॉपबरोबर फुकटात नेईल. तुमच्या मॉनिटरला निळी व्हीजीए वायर असणार आणि नव्या लॅपटॉपला एचडीएमआय. मधे लावायचा कन्व्हर्टर काहीशे रुपयांत मिळतो. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवा, शेजारी मॉनिटर, खाली वेगळा कीबोर्ड आणि माऊस. म्हणजे घरी तो डेस्कटॉप आणि बाहेर जाताना लॅपटॉप. एका स्क्रीनवर पान, दुसऱ्यावर लेखकाचं हस्तलिखित किंवा दुरुस्त्यांचा फोटो. पुढे कधी पैसे मोकळे झाले तर चोवीस इंची आयपीएस (कडेनं बघितलं तरी रंग न बदलणारा) मॉनिटर घ्या, एवढीच श्रीमंती मी सुचवेन. जुना यूपीएसही राहू द्या, वीज गेली तर लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला आणि वायफायच्या डब्याला नाही. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असाल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बघा. बॅटरी फुगायची शक्यता कमी होते.

३०० पत्रिकांचा घोळ एका मशीननं निम्मा मिटेल, कारण चालू फाइल एकाच जागी राहील. उरलेला निम्मा छापखान्यात होतो. तिथे उघडी फाइल देऊच नका. पीडीएफ द्या, नावात पहिल्यांदा तारीख घाला, आणि ग्राहकानं ‘ठीक’ म्हटलेली पीडीएफ आणि छापखान्याला गेलेली पीडीएफ एकच असू द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ ही नावं मी माझ्याही मशीनवर पाहिली आहेत, म्हणून सांगतोय.

पेनड्राइव्हमुळे आपोआप होणारी ती दुसरी प्रत आता तुम्हाला मुद्दाम करावी लागेल. एक टेराबाइटची बाहेरून लावायची डिस्क लॅपटॉपबरोबरच घ्या, नंतर घेईन म्हणू नका. दर शनिवारी काम संपल्यावर तिच्यावर प्रत काढा आणि ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग गेली तर दोन्ही जातील. दुसरी प्रत घराबाहेर हवी. सांगलीत राहता, तुम्हाला पाण्याचं मी काय सांगावं. मिरजेला किंवा पाणी न शिरणाऱ्या भागात बहीण-मैत्रीण कोणी असेल तर तिच्या कपाटात एक डिस्क, महिन्यातून एकदा बदलायची. गेल्यावर चहाही होतो. आणि हातात असलेल्या चालू कामाचा फोल्डर गूगल ड्राइव्हवर राहू द्या. फुकटच्या १५ जीबीत दिवाळी अंकाचा मजकूर आरामात मावतो, फोटोंनी मात्र तो लवकर भरतो.

एक्स्चेंजला द्यायचाच असेल तर जुना लॅपटॉप द्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मिळालेली एका वर्षाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. आणि २०१७ चा आय थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, ती यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. देण्याआधी डिस्क काढून घ्या. लोकांचे आधार कार्ड, पत्ते, संस्थांचे हिशेब त्यात आहेत, आणि नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. डिस्कशिवाय तीन-चारशे रुपये कमी देतील, देऊ द्या. तीच डिस्क यूएसबीच्या डबीत घालून मिरजेच्या कपाटात ठेवता येईल. नऊ वर्षांची आहे, एकटीवर विसंबू नका, दुसरी प्रत म्हणून ठीक. डेस्कटॉपची वेळ आली की त्याचीही डिस्क काढा आणि सांगाडा भंगारवाल्याऐवजी नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे द्या. गल्लीत तांबं काढायला वायरी जाळतात, तो धूर शेजारच्या पोरांच्या नाकात जातो.

बिल स्वतःच्या किंवा धंद्याच्या नावानं घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर नंबर टाकूनच, म्हणजे १८ टक्के कराची वजावट मिळते. वॉरंटी बहुधा वर्षाचीच असते. दुकानदारानं मोबाइल कव्हर आणि बॅग फुकट देऊ केली तर त्याऐवजी वाढीव वॉरंटीवर घासाघीस करा, आणि तीत बिजागरी धरली आहे का ते विचारा. मी का विचारायला सांगतोय ते वर लिहिलंच आहे.

वेळेचं एवढंच, की दिवाळी अंकाचा मजकूर श्रावणात यायला लागतो. घ्यायचा तर आषाढातच घ्या आणि महिनाभर दोन्ही मशीन शेजारी चालवा. नाही जमलं तर थेट दिवाळी झाल्यावर, तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे पत्रिकांची झुंबड उडायच्या आत. ऐन भाद्रपदात मशीन बदलणारा माणूस संपादकाच्या शिव्या स्वतःहून मागून घेतो.

ता.क. तुमच्या मॉनिटरच्या कडेला ऑल्टच्या आकड्यांचा एक कागद चिकटवलेला असणार, पिवळा पडलेला, चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावलेला. मॉनिटर राहणार, म्हणजे कागदही राहील. तरी आजच त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि त्यात पेनानं मागाहून लिहिलेले आकडे वाचता येतायत ना ते मोठं करून बघा.